मुठीवरची कडी

राजरत्नने पटाशी टेकवली तशी बाभूळ किंचाळली. पलंगाचा पाया होता. कातता कातता मध्येच गाठ निघाली, पटाशीने गाठीला दात लावला, हाताला हिसका बसला आणि बोटभर जाडीची ढलपी सुटून दाराकडे गेली. दारात एक बाई उभी होती. तिच्या कानाजवळून जाऊन ती ढलपी भिंतीवर आपटली. गिऱ्हाइकं अशा वेळी मान खाली घालतात, ओरडतात, निदान कातारी माणसाच्या आईवरून काहीतरी बोलतात. ही बाई जागची हलली नाही. तिने फक्त डोळे मिटले आणि फटका कुठे बसतो याची वाट पाहिली. कुठेच बसला नाही हे कळल्यावर डोळे उघडले.

राजरत्नने लेथ बंद केला.

"लागलं का वयनी?"

"न्हाई."

निमगाव सावाच्या सावळेरामची ही बायको, द्वारका. तिने काखेतला टॉवेल फळीवर ठेवला आणि उलगडला. आत लाकडाचे दोन तुकडे होते. चाबकाची मूठ, धरायच्या बाजूला बारीक, वादी बांधायच्या बाजूला जाड, तेल पिऊन काळी झालेली. मधोमध उभी फुटली होती.

सावळेरामची ही मूठ तालुक्याला ठाऊक होती, कारण तालुक्याला सावळेरामचा बैल ठाऊक होता. पाखऱ्याला उडदाची डाळ, देशी अंडी, दूध. उन्हाळ्यात गोठ्यात पंखा. अंगावर माशी बसली तरी उठवायला मालक स्वतः. बैलगाड्याच्या शर्यतीत, घाटाच्या चढावर, तो पुढच्या जोडीला जुंपला की लोक भिर्रर्र ओरडायच्या आधीच भंडारा उधळायचे. द्वारकाच्या वाट्याला काय येतं तेही लोकांना पाठ होतं. पण गावं शहाणी असतात. बैलाचं कौतुक पारावर करायचं आणि बायकोचं दुखणं घरचं धरायचं, अशी वाटणी त्यांनी फार पूर्वीच करून टाकली होती.

शर्यती बंद होत्या त्या कोर्टाने परत सुरू केल्या त्या अटी घालून. बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, घाटात काठी-चाबूक न्यायचा नाही, धावायच्या आधी डॉक्टरने बैल तपासायचा. सावळेराम कायदा पाळणारा माणूस. त्याने बापाच्या चाबकाची वादी सोडवून खुंटीला टांगली. मूठ मात्र कमरेलाच राहिली. वादी बैलांसाठी होती. मुठीबद्दल कोर्टाने काही म्हटलेलं नव्हतं.

राजरत्नने दोन्ही तुकडे जोडून पाहिले.

"कशानं फुटली?"

द्वारकाने खांद्यावरचा पदर सारखा केला.

"हाडकानं."

कोपऱ्यात पोत्यावर बसून भागुजी, राजरत्नचा बाप, लाटण्याला पॉलिश पेपर मारत होता. त्याचा हात थांबला.

"म्हणले, तुझ्यापायी मोडली, तर तूच करून आण," द्वारका म्हणाली. "यात्रेच्या आदी पायजे. वजनदार पायजे. बाभळीच्या गाभ्याची."

"आन् तू आलीस," भागुजी म्हणाला.

"यष्टीनं आले, बाबा."

भागुजीने लाटणं खाली ठेवलं. पिंपळवंडीच्या फाट्यावर हे दुकान टाकायला त्याने पोराला जागा दिली होती, त्यामुळे कुठलं काम घ्यावं यावर बोलायचा हक्क तो राखून होता.

"राजा, पांगाऱ्याची कर. वरून काळा रंग दे. पहिल्या दणक्याला भुसा व्हईल तिचा."

राजरत्नच्याही मनात तेच आलं होतं. पांगारा म्हणजे भेंडासारखं लाकूड; रंगवलं तर सावळेरामला कळायचं नाही. पण द्वारका बापाकडे नाही, लेकाकडे बघत म्हणाली,

"तुटली तर कुणाच्या नावावर, भाऊ? ही तुटली ती कुणाच्या नावावर गेली, बगताय न्हवं?"

राजरत्नने मुठीचे तुकडे उलटेपालटे करून पाहिले. मग त्याने कामाचं बोलणं काढलं. नको त्या गोष्टीतून बाहेर पडायला कारागिराला कामाचं बोलणं बरं पडतं.

"धरायच्या जागी लई चिरफळ्या उडाल्यात. हाताचं माप मिळत न्हाई. दादांनाच यावं लागंल."

"माप पायजे व्हय?"

द्वारकाने डाव्या हाताची बाही दंडावर सरकवली. तिथे चार बोटं आणि अंगठा निळे उमटले होते, नुकतेच, एकेक बोट वेगळं. माप घ्यायचं असतं तर कॅलिपर लावून घेता आलं असतं. राजरत्नच्या हातात कॅलिपर होताही. तो त्याने मागे फळीवर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. करतो मी अदमासानं."

"अजून एक हाय," बाही खाली ओढत ती म्हणाली. जुन्या मुठीच्या जाड टोकाला, वादी बसायला, तीन खाचा होत्या. त्यांवर तिने नख फिरवलं. "ह्या खाचा नको. ह्या जागी कडी करा. वर आलेली. बांगडीवानी."

"वादी न्हाई तर खाच काय नि कडं काय..."

"दिसली पायजेत."

"कुणाला?"

"ज्यांना डोळे हायेत त्यांना." तिचा आवाज चढला नाही. दळणाचा हिशोब सांगावा तसं ती सांगत होती. "दिवाळीला भाऊ आल्ता. चार मान्सं बसवली. मी पाठ दावली. मान्सं म्हनली, दगडाची पायरी हाय, पडली असशील. गव्हाणीवर आदळली असशील. माझा सख्खा भाऊ पायरी बघून आला, म्हणला, व्हय, उंच हाय पायरी." तिने नख खाचेत रोवलं. "मला असा वळ पायजे, की कुनाला पायरीचा म्हनता यायचा न्हाई."

राजरत्नने फुटक्या मुठीकडे पाहिलं.

"वयनी, उठावाचं कडं हाड धरतं. साध्या लाकडापरीस लई लागंल."

"तुमी कडी करा," द्वारका म्हणाली. "लागायचं माझ्याकडं."

ती गेल्यावर भागुजीने लाटणं परत हातात घेतलं.

"न्हाई म्हनायचं व्हतंस."

"मी न्हाई म्हटलं तर नारायणगावात करत्याल. आन् तवर हातानं चालंल त्याचं."

"हां," भागुजी म्हणाला, "सगळ्यांचा हिशोब असाच बसतो."

राजरत्नने बाभळीचा गाभा लेथवर चढवला. सुक्या बाभळीशी प्रेमाने वागता येत नाही. तिला आधी झोडावं लागतं. गोल पटाशीने त्याने कोपरे उडवले. ढलप्या छातीवर, चेहऱ्यावर तडतडत आल्या, एक हनुवटीला चिरून गेली आणि लाकूड फिरता फिरता त्यावर रक्ताचा एक ठिपका गोल ओढला गेला. त्याने तो पुसला नाही, कातून काढला. धरायची बाजू निमुळती झाली, जाड बाजूला गोलाई आली. मग कडी.

इथे त्याच्यातला कारागीर जागा झाला. कारागिराचा हा दोषच असतो. शिव्या देत का होईना, पण काम हातात आलं की ते चांगलंच व्हावं असं त्याला वाटायला लागतं. सारख्या अंतरावरची तीन कडी कशाचीही असू शकतात. खाटेच्या गजाची, जनावराच्या साखळीची. म्हणून त्याने दोन कडी जवळ घेतली आणि तिसरं लांब. अशी जोडी न जुळणारी कडी तालुक्यातल्या कुठल्या गव्हाणीला नाहीत की पायरीला. पॉलिश पेपर लावताना कडांवर मात्र त्याचा हात घुटमळला. त्याने त्या बोथट करायला घेतल्या. मग तिचं बोलणं आठवून थांबला, आणि जमल्या असत्या त्याहून थोड्या कमीच बोथट करून मूठ उतरवली.

न्यायला सावळेराम स्वतः आला. मोटारसायकल दुकानाच्या दारातच आडवी लावली, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक येऊ नये.

"झाली का रं, राजाभाऊ?"

त्याने मूठ घेतली, हातात बसवली. बसली. अंदाजानेच केली होती, तरी बरोबर बसली, आणि राजरत्नला त्याचीच किळस आली. सावळेरामने हात उचलला आणि लाकूड कापायच्या ओंडक्यावर मूठ हाणली. दुकान हादरलं. फळीवरची लाटणी घरंगळून खाली आली. दुसरा दणका. ओंडक्याची साल उडाली. तिसऱ्या दणक्यानंतर तो थांबला, मुठीवरून अंगठा फिरवला आणि कड्यांपाशी अडकला.

"ह्ये काय?"

राजरत्न घरंगळलेली लाटणी उचलायला वाकला.

"शोभेला, दादा. नुसतं टोक भुंडं दिसत व्हतं."

सावळेराम कड्यांकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला.

"आयला! मुठीला बांगड्या भरल्या की गड्यानं!" आणि जाड टोक राजरत्नच्या छातीवर हलकंच ठोकून म्हणाला, "लई झाक. बाईनं सांगितलं आसंल, व्हय ना? तिला नटायची हौस हायेच."

भागुजी पोत्यावरून म्हणाला, "सावळेराम, बैल कसा हाय?"

"पाखऱ्या? राजा हाय राजा. बोट लावीत न्हाई मी त्याला, बाबा. इचारा कुनाला बी."

"आयकून हाय," भागुजी म्हणाला.

मूठ घरी पोचली त्याच संध्याकाळी तिची चाचणी झाली. निमित्त होतं शिंगांच्या रंगाचं. हिंगूळ ओतताना सांडला. द्वारका सवयीप्रमाणे चुलीकडे तोंड करून खाली बसली, डोळे मिटले, दंड पुढे केला. पहिला फटका पडला तेव्हा राजरत्न खोटं बोलला नव्हता हे तिला कळलं. कडी हाड धरत होती. तोंडातून आवाज येऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा चावला. चार फटक्यांनी सावळेरामचा राग निवला आणि तो पाखऱ्याला खरारा करायला गेला. मग तिने दिव्यापाशी हात धरून पाहिला. दोन जवळ, एक लांब. छापल्यासारखं स्वच्छ.

सकाळी ती शेजारी विरजण मागायला गेली आणि बाही वर ठेवूनच गेली. शेजारणीने वळ पाहिले. विरजण दिलं. म्हणाली, "हळद लाव गं बाई." भावाला बोलावणं धाडलं, त्याने निरोप दिला की सध्या द्राक्षाची छाटणी आहे, मग बघू. ज्यांना डोळे होते त्यांनी पाहिलं. पाहून झाल्यावर जो तो आपापल्या कामाला लागला. आठवड्याभरात जुने वळ पिवळे पडले आणि त्यांवर नवे चढले. आता कुणी पायरीचं नाव काढत नव्हतं एवढाच फरक पडला होता. आता कुणी काहीच म्हणत नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा ती गोठ्यात पाखऱ्याचं अंग कोमट पाण्याने पुसत होती. बैल पांढराशुभ्र, कातडी अशी तुकतुकीत की हात फिरवला तर शहारा पळताना दिसावा. दोन वर्षांचं वासरू म्हणून आला तेव्हापासून त्याचं शेणमूत तिनेच काढलं होतं. तो मान मागे वळवून तिचा पदर चघळायचा. आताही चघळत होता.

सावळेराम गाड्याच्या भागीदारांना भेटून आला. त्यांच्यातल्या सोपानने काहीतरी टोचून बोललेलं असावं, कारण येतानाच तो घोगऱ्या आवाजात कुणाशी तरी भांडत आला, आणि कुणाशी म्हणजे अर्थातच समोर दिसलेल्या पहिल्या माणसाशी.

"पानी गार का दिलं? आं? उद्या बारी हाय आन् तू त्याला गारठवती?"

"कोमट हाय. हात घालून बगा."

"मला शिकीवती!"

मूठ कमरेतून निघाली. द्वारकाच्या मागे पाखऱ्या, पुढे नवरा, उजवीकडे गव्हाण. डावीकडे तेवढी माणूसभर जागा. तिचे डोळे आपोआप मिटले. दंड पुढे यायला निघाला. बैलाने मागून पदर ओढला, तिने डोळे उघडले, आणि तिला ती मूठ येताना दिसली. संसार मांडल्यापासून पहिल्यांदा दिसली. फार वेगाने येत नव्हती. माणसाला सरकता यावं इतका वेळ तिच्यात होता, आणि तो दर वेळी असणार.

द्वारका डावीकडे सरकली.

मूठ पाखऱ्याच्या मांडीवर बसली. ओल्या कातड्यावर असा आवाज आला की गोठ्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बैल हंबरला नाही, तो ओरडला. मागचा पाय झाडून त्याने घंगाळ उलथवलं, दावणीला हिसका दिला, खुंटा अर्धा उखडला, आणि शिंगाने गव्हाणीचा काठ उडवला. सावळेराम मागे भिंतीवर आदळला. मूठ त्याच्या हातातून पडली.

"अरं माझ्या राजा," तो म्हणाला. "अरं माझ्या वाघा. काय झालं रं हे."

त्याने बैलाच्या मानेला मिठी मारली. त्याचे खांदे हलायला लागले. सावळेराम रडत होता. द्वारकाने त्याला बापाच्या मयतीला रडताना पाहिलं नव्हतं. तिने ते पाहून घेतलं, नीट, आपल्या वाट्याचं काही त्यात आहे का ते शोधत असल्यासारखं.

"बघती काय? हळद आन! त्याल गरम कर!"

तिने हळद आणली. तेल गरम केलं. सावळेरामने स्वतःच्या हाताने, फुंकर घालत, लेप लावला. इतका हलका हात त्याला होता हे तिला आज समजलं. ती शेजारी कंदील धरून उभी राहिली, आणि कंदील धरलेल्या हातावर तसेच तीन वळ होते. पण त्याला उजेड फक्त बैलापुरता हवा होता.

दुसऱ्या दिवशी आंबेगाव तालुक्यातल्या त्या यात्रेला राजरत्न सकाळीच पोचला होता. जुवात बैलाची मान अडकवायच्या लाकडी खुंट्या, शिवळा, शर्यतीत मोडतात. घाटाच्या पायथ्याला पिशवीभर नव्या कातलेल्या शिवळा घेऊन बसलं की दिवस निघतो. शिवाय त्या मुठीनंतर त्याला लेथपाशी नीट बसवत नव्हतं. वर माइकवर निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता, गाड्यांपुढे धावणाऱ्या घोड्या धुरळा उडवत होत्या, आणि तपासणीच्या मांडवात एक तरुण डॉक्टरीणबाई एकेका बैलावरून हात फिरवत होत्या.

पाखऱ्याला हळदीने मढवून आणलं होतं. देवाची हळद, असं सावळेराम सगळ्यांना सांगत होता. कासरा द्वारकाच्या हातात होता. एरवी बाया घाटात दूर बसतात, पण सकाळपासून बैल सावळेरामला जवळ येऊ देत नव्हता. त्याला पाहिलं की मागचा पाय झाडायचा. लोक म्हणत होते, रग बघा जनावराची.

डॉक्टरीणबाईंनी ओल्या फडक्याने मांडीवरची हळद पुसली आणि त्यांचा हात थांबला.

"याला कुणी मारलंय?"

"मारतोय कोन, मॅडम? गव्हाणीला घासला."

"गव्हाणीला?" त्यांनी सुजेवर तीन बोटं ठेवली. "दोन वळ जवळ, एक लांब. गव्हाणीला काय बांगड्या असतात?"

बांगड्या म्हटल्यावर राजरत्नच्या हातातली शिवळ गळून पडली. तो मांडवाच्या दोरीपाशी आला. यात्रा कमिटीचा सुदर्शन हसत हसत म्हणाला, "सावळेरामदादाच्या मुठीला हायेत की बांगड्या," आणि बोलून गेल्यावर त्याचं हसू मावळलं. सगळ्यांचे डोळे सावळेरामच्या कमरेकडे गेले. मूठ तिथेच होती. शोभेची वस्तू, घरी कशाला ठेवायची.

सुदर्शनने ती उपसली आणि बैलाच्या मांडीला लावून पाहिली. कुलपाला किल्ली बसावी तशी बसली.

"हा बैल धावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाखऱ्या नाही म्हणजे गाडा नाही. गाडा नाही म्हणजे सोपानचे दोन बैल, मंचरकरांचा एक, टेम्पोचं भाडं, महिन्याचा खुराक आणि घाटाच्या राजाचं बक्षीस, सगळंच नाही. हे गणित भागीदारांच्या डोक्यात सुटायला फार वेळ लागला नाही, पण सोपान तोंडाने दुसरंच बोलला.

"मुक्या जनावराला मारतोस? भडव्या, मुक्या जनावराला?"

पहिली थोबाडीत त्याची. मग कुणीतरी मागून कॉलर धरली, टोपी उडाली, सावळेराम गुडघ्यावर आला. "जनावराला मारतो!" हे मांडवाबाहेर गेलं आणि बाहेरून माणसं आत आली. ज्याने पाखऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं तोही एक लाथ घालून गेला. सोपानने सुदर्शनच्या हातातली मूठ हिसकली आणि सावळेरामने तोंडापुढे धरलेल्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज राजरत्नला ओळखीचा वाटला. सुकी बाभूळ गाठीत तुटते तसा. भंडाऱ्याच्या पिवळ्या धुळीत सावळेराम आडवा झाला, आणि त्याच्या मनगटाच्या वर राजरत्नने आपलं काम ओळखलं. दोन जवळ, एक लांब.

मुक्या जनावरासाठी लोक इतके पेटलेले राजरत्नने कधी पाहिले नव्हते. द्वारकाला बोलता येत होतं. बहुतेक म्हणूनच तिचं मुकेपण कुणी धरलं नसावं.

ती बैलाला मिठीत धरून उभी होती, कारण गोंगाटाने तो थरथरत होता. त्याची मान आवळताना तिची बाही मागे गेली. डॉक्टरीणबाईंनी बैलाची मांडी पाहिली, मग तो हात पाहिला, मग परत मांडी.

"मावशी, हे..."

"त्ये बी तेच हाय," द्वारका म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मांडीवरचा हात मागे घेतला. मांडवात कमिटीची माणसं होती, मोबाइल धरलेली पोरं होती, दोरीला रेलून राजरत्न होता. सगळ्यांनी ते तीन वळ बैलाच्या तीन वळांशेजारी पाहिले.

"मला फक्त बैलांचंच बघायचं असतं," त्या हळूच म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखं त्यांनी पिशवीत हात घातला. "हे मलम घ्या. जनावराचं आहे. पण चालतं."

द्वारकाने मलम घेतलं. सावळेरामला चौघांनी उचलून टेम्पोत टाकलं तेव्हा ती त्याच्या मागे गेली नाही. तिने वाकून धुळीतली मूठ उचलली, पदराने पुसली, कमरेला खोचली आणि पाखऱ्याला घेऊन घाटाच्या कडेकडेने चालू लागली. गर्दी तिला वाट देत होती. बैलाला देत होती, असं म्हणणं जास्त खरं.

महिना उलटून गेला. राजरत्न पोळपाटाला गोलाई देत होता. दारात सावली पडली म्हणून त्याने लेथ थांबवला.

द्वारकाने तोच टॉवेल फळीवर उलगडला. मुठीला तेल लावलेलं होतं.

"दादा कसं हायेत?" राजरत्नने विचारलं.

"हायेत. हाताला पिलास्टर हाय. घोट घोट पानी पाजावं लागतं."

"आन् बैल?"

"गुणी हाय. आता त्यांना बी जवळ येऊ देतो, मी असले म्हंजी." तिने टॉवेलाचं टोक सारखं केलं. "पिलास्टर येत्या सोमवारी काढायचंय."

कोपऱ्यात भागुजीचा पॉलिश पेपर थांबला.

राजरत्नने मूठ उचलली. तो महिनाभर याच वेळेची वाट पाहत होता, हे त्याला आता कळलं.

"द्या हिकडं. कडी काढून टाकतो. दोन मिन्टाचं काम हाय. मग म्हना तर लाटणं करून देतो तिचं."

"लाटणं हाय घरी."

द्वारकाने मूठ त्याच्या हातातून घेतली आणि बारीक बाजूने धरली. सावळेरामच्या मापाची ती. तिची बोटं अंगठ्याला पोचत नव्हती, मधे फट राहत होती. ती फट तिने त्याला दाखवली.

"धरायला जाड पडती. हितं बारीक करून द्या. माझ्या हातात बसंल एवढी."

राजरत्नने तिच्याकडे पाहिलं. या वेळी तिने बाही वर केली नव्हती. करायची गरज नव्हती. तो कॅलिपर घेऊन आला, तिची मूठ आवळलेली असताना बोटांभोवती धरला आणि माप घेतलं. तिचा हात हलला नाही.

लेथवर लाकूड चढवून, पटाशी हातात घेऊन, बटणावर बोट ठेवल्यावर त्याने न वळताच विचारलं,

"आन् कडी?"

बाहेर फाट्यावर एसटी थांबली, माणसं उतरली, एसटी गेली.

"कडी ऱ्हाऊ द्या," द्वारका म्हणाली.